घड्याळाचा हात

आमच्या अलकाला डावं-उजवं कळत नाही. हसू नका. सोळा वर्षांची घोडी झाली, दहावीला फर्स्ट क्लास आणला, पण "डावीकडे वळ" म्हटलं की बया खुशाल उजवीकडे वळते. दिल्लीत वाढलेली पोर. बाहेर दिवसभर हिंदी, आणि हिंदीत दायाँ म्हणजे उजवा. घरात आम्ही म्हणतो डावा. तिच्या कानाला दोन्ही एकच! किती डोकं फोडलं मी तिच्यापुढे. शेवटी तिच्या बाबांनी युक्ती काढली. पास झाल्याबद्दल तिला घड्याळ घेऊन दिलं आणि म्हणाले, "हे बघ, जेवतेस तो उजवा, घड्याळ बांधतेस तो डावा. झालं?" तेव्हापासून आमच्या घरातून डावा हा शब्दच हद्दपार झाला. जेवणाचा हात आणि घड्याळाचा हात.

आणि नेमका हाच घड्याळाचा हात तिच्या कोचच्या डोळ्यांत खुपला. दिल्लीच्या ज्युनियर बास्केटबॉल टीमची निवड व्हायची होती. कोच म्हणाले, "लड़की, तेरा बायाँ हाथ सोया हुआ है. जगा उसको. और बॉल को आँख से मत देख, हाथ से देख." बायाँ मात्र तिला बरोबर कळतो हं!

मग काय विचारता. मे महिन्याच्या सुट्टीत रोज संध्याकाळी ही एकटी खाली. सरोजिनी नगरात आमच्या सरकारी क्वार्टरच्या मागे सिमेंटचं कोर्ट आहे, रिंग वाकलेली, जाळी कधीच गेलेली. तिथे कमरेत वाकून, बॉल गुडघ्याच्या वर न उसळू देता, धप धप धप. नुसत्या घड्याळाच्या हातानं आपटत या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग या हातातून त्या हातात, मग दोन्ही पायांमधून आठचा आकडा काढत. आणि हे सगळं डोळ्यांवर ओढणी बांधून! बॉलकडे बघायची खोड जावी म्हणून.

"आंधळी कोशिंबीर खेळतेस का गं?" मी एकदा म्हटलं.

"कोशिंबीर? काकडीची?" म्हणाली. घ्या!

पण मला भीती वाटायची. सरळ सांगते, भीती. मागच्या भिंतीपाशी स्कूटरवाली पोरं येऊन उभी राहत. तिला कुठे दिसणार कोण आलं ते? मी तिला बजावलं होतं, "माझ्याकडे तोंड करूनच खेळायचं." खेळायला जाताना घड्याळ काढून ती माझ्या मनगटावर चढवायची, आणि मी पोळ्या तशाच टाकून दुसऱ्या मजल्याच्या बाल्कनीत. ती पडेल, तिला कोणी काही करेल, एक ना दोन. सारखी ओरडायचे, "अलके, थांब! पुरे आता! वर ये!" ती न थांबताच मोकळा हात हलवायची. म्हणजे, अजून पाच मिनिटं.

आमचे हे म्हणायचे, "सुनंदा, तू आहेस की भोंगा?" यांचं काय जातं बोलायला!

ट्रायलच्या आदल्या दिवशी दुपारी आंधी आली. आकाश पिवळं झालं, दारं धाडधाड आपटली, सगळ्या घरभर धूळ, आणि मागून पावसाची एक सर. लाइट तर पहिल्याच फटक्यात गेली. संध्याकाळपर्यंत आलीच नाही. हे अजून ऑफिसात होते. सगळी कॉलनी बाल्कन्यांमध्ये येऊन वारा घेत बसली होती.

"आज नको," मी म्हटलं. "खाली ओलं आहे."

"बिल्कुल थोडंसं, आई. कल ट्रायल आहे ना, यार!"

"मी तुझी यार नाही," मी म्हणेपर्यंत ती घड्याळ माझ्या हातावर चढवून खाली पोचलीसुद्धा. कोर्ट बरंचसं वाळलं होतं. फक्त तिच्या जेवणाच्या हाताला, विजेच्या खांबाखाली, पाण्याचं एक डबकं होतं. तिनं ते पाहिलं, अंतर ठेवून उभी राहिली, ओढणी बांधली आणि सुरू झाली.

आणि लाइट आली.

दिल्लीत लाइट आली की काय होतं, माहितीय ना? चारी बाजूंनी एकच आरडाओरडा, "आ गई! आ गई!" पोरं नाचतात, शेजाऱ्यांचे कूलर खडखडत सुरू होतात. मीही हसले. तेवढ्यात खांबावर निळं काहीतरी चमकलं. पाहते तो काय, खांबावरची तार तुटून खाली लोंबत होती आणि तिचं टोक डबक्यात. पाणी चरचरत होतं. आंधीत तुटली असणार, लाइटच नव्हती म्हणून कोणाच्या ध्यानात आलं नाही.

अलका बॉल आपटत आपटत तिकडेच सरकत होती.

"थांब!" मी ओरडले. "अलके, थांब! थांब!"

तिनं हात हलवला. अजून पाच मिनिटं.

देवा रे! जिन्याकडे धावू? दोन मजले उतरेपर्यंत काय होईल? आणि नजर काढली तर? मी कठडा घट्ट धरला. "डावीकडे हो! डावीकडे!" माझ्या तोंडून गेलं, आणि त्याच क्षणी कळलं काय केलं मी. तिनं मान डोलावली आणि शहाण्यासारखी उजवीकडे सरकली. डबक्याकडे. आता मध्ये हातभर सिमेंट राहिलं होतं. माझी जीभच मला वैरीण झाली होती.

मनगटावर घड्याळ टोचलं.

"घड्याळाचा!" मी किंचाळले. "अलके, घड्याळाचा हात! घड्याळाचा!"

क्षणभर ती गोंधळली. मग तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. हो, हसू! तिला वाटलं, आई आज पहिल्यांदाच खेळतेय तिच्याशी. बॉल सपकन या हातातून त्या हातात गेला आणि ती खांबापासून दूर सरकली.

"अजून! घड्याळाचा! अजून!" बॉल सुटू नको देऊ बाई, मी मनात म्हणत होते. सुटला तर ती तो शोधायला हात पसरून कुठेही जाईल. धप धप धप. तो झोपलेला म्हणतात ना, तोच हात. आंधळेपणानं ती अख्खं कोर्ट ओलांडून पलीकडच्या भिंतीला टेकेपर्यंत मी ओरडत राहिले, आणि मग अनवाणी जिना उतरले. कशी उतरले ते मला विचारू नका.

मी पोचले तेव्हा ती ओढणी सोडत होती. "आई, पाहिलंस ना? एकदाही नाही सुटला!"

मी तिच्या थोबाडीत मारली. मग तिला छातीशी धरून रडले. ती बिचारी बावचळून, "काय झालं? काय झालं?" करत राहिली. मी बोटानं दाखवलं. तिनं तार पाहिली, आणि तिच्या हातातला बॉल गळून पडला. उतारावर घरंगळत तो डबक्यात जाऊन तारेला लागला. तार उसळली, फाडकन आवाज झाला, आणि सगळ्या कॉलनीची लाइट पुन्हा गेली. ती बॉलमागे एक पाऊल गेली होती. मी तिचं मनगट असं काही धरलं की रात्रीपर्यंत त्यावर माझ्या बोटांचे वळ होते.

सकाळपर्यंत वीजवाले तार काढून गेले होते, डबकं वाळलं होतं. बॉलवर एक काळा डाग राहिला, बाकी ठीक. ट्रायलला निघायच्या आधी ती म्हणाली, "आई, एकदाच हात गरम करून येते." नको म्हणायला मी तोंड उघडलं, तर तिनं घड्याळ माझ्या हातावर चढवलं. खाली जाऊन तिनं खांबाकडे नीट पाहिलं, माझ्याकडे तोंड केलं, ओढणी बांधली. पण बॉल काही आपटेना. नुसती पोटाशी धरून उभी.

"आई," तिनं खालून हाक मारली, "आहेस ना? बोल ना काहीतरी."

मी कठडा धरला आणि म्हटलं, "घड्याळाचा."