डोहातलं दर्शन

साठ सालची दिवाळी झाली आणि मायच्या डोहातले मासे वर यायला लागले.

बार्शीटाकळीच्या पलीकडच्या त्या गावात हे मासे म्हणजे काही साधी गोष्ट नव्हती. नदीतल्या त्या डोहाच्या काठी मायचं ठाणं, म्हणजे शेंदूर फासलेला एक धोंडा, आणि डोहातले सगळे मासे तिचे. त्यांना कुणी गळ लावायचा नाही, जाळं टाकायचं नाही. एरवी ते दिसायचेही नाहीत. दिवसभर टक लावून बसावं तेव्हा कुठे खालच्या हिरव्या काळोखात एखादी पाठ चमकायची, आणि जिला ती दिसली ती बाई आठवडाभर गावात मिरवायची. आणि यंदा रोज पहाटे, उजाडतं न उजाडतं तोच, अख्खा डोह माशांच्या तोंडांनी भरून जायचा.

गाव हरखून गेलं. नारळ फुटले, टाळ आले, लांबलांबून लोक बैलगाड्या जुंपून दर्शनाला येऊ लागले. ठाण्याची पूजा सुभद्राच्या रुख्मिणी आत्याकडे होती. तिला तर आजकाल कुणाशी धड भांडायलाही सवड नव्हती.

नववीतली सुभद्रा एका सकाळी आत्याच्या मागोमाग डोहावर गेली. तिला वाटलं होतं, मासे उड्या मारत असतील. पण मासे उड्या मारत नव्हते. ते उभे होते. शेपटी खाली, तोंड वर, एकाला एक खेटून. सगळी तोंडं उघडत होती, मिटत होती, आणि पाण्यावरून बारीक आवाज येत होता, पुच्, पुच्, पुच्, जशी गावभरची तान्ही बाळं अंधारात एकाच वेळी दूध ओढताहेत. बायांनी टाकलेल्या लाह्या त्या तोंडांमधून तरंगत होत्या, पण एकही मासा लाही गिळत नव्हता. एका बाईनं वाकून माशाच्या डोक्याला हळद लावली. मासा हललासुद्धा नाही. पिवळ्या डोक्याचा तो मासा आपला उघडा डोळा सुभद्राकडे लावून तसाच उभा राहिला.

"आत्या, हे खाऊन नाही राहिले."

"मायचे मासे होत ते. त्यायले भूक कायची?"

"मंग तोंड काहून उघडून राहिले?"

"नाव घेऊन राहिले मायचं. तू बी घे जराकसं, गणितात पास होशीन."

बाया खळखळून हसल्या. सुभद्राही हसली, पण माशांचं ते तोंड तिनं कुठेतरी पाहिलेलं होतं, आणि कुठे ते आठवेना.

आठवलं ते शाळेच्या वाटेवर, नदीच्या वरच्या अंगाला नव्या कारखान्याचं धुराडं दिसलं तेव्हा. तिथे पुठ्ठा बनायचा. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, चुन्याच्या पाण्यात उकळायच्या, लगदा काढून घ्यायचा आणि उरलेलं काळपट पाणी नालीनं नदीत सोडून द्यायचं. त्याला नासलेल्या आंबिलीसारखा वास यायचा. आणि उकळणं म्हटल्याबरोबर सुभद्राला शास्त्राच्या कौशल्याबाई आठवल्या. बाईंनी उकळून गार केलेलं पाणी काचेच्या बाटलीत भरलं होतं आणि ओढ्यातला छोटा मासा त्यात सोडला होता. पाणी दिसायला स्वच्छ होतं, तरी मासा सरळ वर आला आणि तोंड उघडू-मिटू लागला. बाई म्हणाल्या होत्या, "या पाण्यातली हवा निघून गेली आहे. तो खायला मागत नाहीये, श्वास मागतोय. पाण्यात काही सडलं-कुजलं तरी असंच होतं. उंचावरून पाणी ओतलं की हवा त्यात परत मिसळते." आणि घाईघाईनं त्यांनी त्याला बादलीत परत टाकलं होतं.

तेच तोंड होतं ते.

घरी येऊन तिनं वडिलांना सांगितलं. खुशालराव गावातले मोठे शेतकरी, बोलायला फटकळ.

"म्हंजे देवाच्या माशायले दमा झाला म्हणतं का तू?"

"बाबा, ते गुदमरून राहिले. आपण त्यायच्यावर हळद वाहून राहिलो."

"हे गावात बोलू नको, सुभे. लोक म्हणतीन, खुशालरावची पोरगी शाळेत जाऊन बिघडली."

पण गप्प बसून भागणार नव्हतं. कारखान्याला दुसरी भट्टी लावायची होती. तिच्यानं नदीला काही बाधा होईल का, हे बघायला दुसऱ्या दिवशी अकोल्याहून बापूसाहेब नावाचे अधिकारी यायचे होते. ते हो म्हणाले की काळं पाणी दुप्पट. आणि चैत्रात विहिरी तळाला गेल्या की सगळं गाव याच डोहाच्या काठी वाळूत झिरे उकरून पाणी प्यायचं.

बापूसाहेब जीपमधून उतरले तेव्हा धुकं अजून पाण्यावरच होतं. बरोबर कारखान्याचे मॅनेजर ओमप्रकाशजी. काठावर सगळं गाव. साहेबांनी डोहाकडे पाहिलं आणि टोपी काढून हातात घेतली.

"बाप रे, केवढे हे मासे."

"देख लीजिए साहब," ओमप्रकाशजी म्हणाले. "पानी खराब असतं तर एवढी मछली राहिली असती का?"

"खरं आहे," बापूसाहेब म्हणाले. "नदी तर अगदी ठणठणीत दिसतेय."

गाव अभिमानानं फुललं. आता बोललं नाही तर संपलं, हे सुभद्राला मात्र स्पष्ट कळत होतं. पण नुसत्या बोलण्यानं कुणी ऐकणार नव्हतं. काठालगतच्या बापाच्या मळ्यातल्या विहिरीवरून तिनं भरलेली घागर आणली आणि परकर खोचून थेट डोहात शिरली.

"अवो, पोरगी बाटवते डोह," कुणीतरी म्हणालं.

"सुभे, भायेर ये," खुशालराव ओरडले.

सुभद्रानं घागर डोक्याच्या वर धरली आणि पाण्याची धार सोडली.

आधी जवळचे मासे वळले. मग त्यांच्या मागचे. मग डोहाच्या त्या काठापर्यंतचं एकूण एक तोंड हळूहळू तिच्या दिशेला फिरलं. ते आले. तिच्या पोटऱ्यांना, गुडघ्यांना थंडगार अंगं घासू लागली. एकमेकांच्या पाठीवर चढून ते त्या धारेखाली घुसत होते, पिवळ्या डोक्यांचे, कुंकू लागलेले, आणि तो पुच् पुच् आवाज आता तिच्या भोवती, अगदी कानाशी होता. तिला किंचाळावंसं वाटत होतं. तिनं दात घट्ट आवळले आणि शेवटच्या थेंबापर्यंत घागर हलू दिली नाही.

धार थांबली. मासे मात्र गेले नाहीत. तोंडं वासून ते रिकाम्या घागरीकडे बघत राहिले.

काठावर टाळ थांबले होते.

"साहेब," सुभद्रा म्हणाली, आणि तिचा आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा खणखणीत निघाला, "हे दर्शन नाही देऊन राहिले. त्यायले खाली श्वासच भेटून नाही राहिला."

बापूसाहेबांनी बूट काढले. पाण्यात उतरून त्यांनी ओंजळ भरली, हुंगली आणि लगेच सोडून दिली. "ओमप्रकाशजी, नाली आज बंद करायची. दुसऱ्या भट्टीचं नंतर बघू असंही मी म्हणणार नाही. दुसरी भट्टी नाही."

"साहब, चालू भट्टीतला माल तर..."

"आज."

पण हुकूम ऐकून मासे थोडेच खाली जाणार होते. रुख्मिणी आत्या तिथेच धोंड्यापाशी उभी होती, हातात हळदीचं ताट तसंच. तिनं ते खाली ठेवलं. "अवो, बघता काय," ती बायांना म्हणाली, आणि तिचा आवाज फाटला होता. "लेकरं मागून राहिले नं. घागरी आणा."

विहिरीपासून डोहापर्यंत बायांची रांग लागली. खुशालरावांनी स्वतः मोट जुंपली आणि पाटाचं पाणी डोहाकडे फिरवलं. एक घागर रिती झाली की सगळी तोंडं दुसरीकडे वळायची. त्या दिवसानंतरही, नालीतलं उरलंसुरलं काळं पाणी वाहून जाईपर्यंत, बाया रोज पहाटे घागरी घेऊन येत राहिल्या.

मग एका सकाळी डोह रिकामा होता. एक तोंड नाही, एक शेपटी नाही.

"मेले का वं?" आत्यानं हळूच विचारलं.

"मेले असते तर उलटे होऊन वर तरंगले असते," सुभद्रा म्हणाली. "खाली गेले."

"म्हंजे दिसून नाही राहिले, हे चांगलं?"

"हो आत्या."

आत्यानं रिकाम्या पाण्याला हात जोडले. कुणी लाह्या टाकल्या नाहीत, कुणी नाव घेतलं नाही. सुभद्रा आणि सगळ्या बाया वर ऊन येईपर्यंत काठावर नुसत्या बसून राहिल्या, आणि पाण्यावर कुठे एखादा बुडबुडा जरी फुटला तरी सगळ्या जणी एकदम श्वास रोखायच्या.