कॉलरमधल्या दोन पिवळ्या गाठी

खट्.

दुपारच्या शांततेत एवढाच आवाज झाला. पलंगाखालच्या पेटीची डावी कडी अशीच उघडते, चिडून. उजवी बिचारी न बोलता बाजूला होते. पलंगावर बाळ झोपेतच जरा चुळबुळलं आणि पुन्हा गाढ झोपलं. मग झाकण वर गेलं आणि माझ्या घडीच्या कडेवर उजेडाची एक पट्टी पडली.

मित्रांनो, या पेटीच्या अगदी तळाशी राहणारी जर्सी आहे मी. नंबर चौदा. एके काळी गडद निळी होते, आता घडीच्या रेघांवर राखेसारखी झाले आहे. सतरा वर्षांखालच्या मुलींच्या राष्ट्रीय फुटबॉल संघाची मी. एवढं भारदस्त नाव ऐकलं की वाटतं, ही काचेच्या कपाटात असेल, खाली पितळी पाटी असेल. माझ्या अंगावर मात्र तोकडी झालेली झबली आहेत, उशीचे दोन अभ्रे आहेत, बाळाची दुपटी आहेत आणि कोपऱ्यात डांबराच्या गोळ्या. बारा वर्षं हाच वास घेते आहे मी. पेटी उघडते, वरचं काहीतरी काढलं जातं, पेटी मिटते. माझ्यापर्यंत कुणाचा हात येत नाही. म्हणजे, येऊ दिला जात नाही.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. तिथे चाळीस शिलाई मशिनं एकदम चालायची. मला शिवणारी बाई बोलत कमी आणि खोकत जास्त होती. शिवून झाल्यावर तिने माझ्या कॉलरच्या आतून अंगठा फिरवला, एकदा नाही, तीनदा. शेजारची म्हणाली, "अगं, किती चोळशील? घासून भोक पाडशील." तर ही म्हणाली, "पोरी घालणारेत. मानेला टोचायला नको." माझ्याबद्दल कुणी बोललेलं ते पहिलं वाक्य.

मोठ्यांच्या संघात पाठीवर नाव असतं. आमच्या पाठीवर नुसता आकडा. कारण मुली सतरा ओलांडतात आणि निघून जातात, जर्सी तिथेच राहते. मला पहिल्या वर्षी एका उंच मुलीने घातलं, दुसऱ्या वर्षी एका डावखुरीने. संघ सुरू झाल्यापासून तोवरची आमची कामगिरी काय होती ते लपवत नाही. पात्रता फेरीचे एकवीस सामने. तीन जिंकलेले, पाच बरोबरीत, तेरा हरलेले. मुख्य स्पर्धेचं तोंड कधी पाहिलंच नाही. धुवायला टाकताना आम्ही सगळ्या जर्सी एकमेकींत गुंतून पडायचो, तेव्हा निदान तिथे तरी कुणी हरलेलं नसायचं.

तिसऱ्या वर्षी मी चिमटीच्या वाट्याला आले.

चिमटी हे तिचं संघातलं नाव. अंगाने एवढीशी, पण ज्या मुलीवर लक्ष ठेव म्हणाल तिला चिकटली की सुटायची नाही. मी तिला गुडघ्यापर्यंत यायचे. तिने पहिल्या दिवशी मला चड्डीत खोचलं आणि आरशात पाहून स्वतःलाच म्हणाली, "पोत्यात घातलंय मला." पण रात्री मला उशाशी घेऊन झोपली. तिच्या छातीचे ठोके मी तेव्हापासून ओळखते.

आमची काळजी घ्यायचे सामानवाले काका. बूट, बॉल, पाण्याच्या बाटल्या, जर्सी, सगळं त्यांच्या ताब्यात. त्यांची एक पद्धत होती. कुठल्या मुलीला पिवळं कार्ड मिळालं, की त्याच रात्री तिच्या जर्सीच्या कॉलरला आतून, जिथे मान सुरू होते तिथे, पिवळ्या दोऱ्याची एक गाठ मारायची. स्पर्धा संपली की गाठी कापायच्या. स्पर्धेत दोन पिवळी कार्डं झाली की पुढचा सामना बाहेर बसायचं, हा नियम तर तुम्हाला ठाऊकच आहे. मॅनेजर साहेब हसायचे, "अहो, माझ्याकडे वही आहे ना." काका दातात सुई धरून म्हणायचे, "वही हरवते. कॉलर कुठे जातेय?" आणि दोरा मुद्दाम जाड घ्यायचे. "घालणारीला कळायला हवं," म्हणायचे.

त्या वर्षी पात्रता फेरीत तीन सामने होते. पहिला बरोबरीत सुटला. शेवटी थ्रो घेताना चिमटीने उगाच वेळ काढला आणि पंचांनी तिला पिवळं कार्ड दाखवलं. काकांनी पहिली गाठ मारली.

दुसरा सामना आम्ही दोन-एकने जिंकत होतो. एका दांडगट मुलीने मला मागून धरून असं ओढलं की काखेतली शिवण उसवली. चिमटीने हात झटकला, तो तिला लागला. सगळ्या मुली धावल्या, ढकलाढकली झाली. त्या गर्दीत पंचांनी तीन कार्डं दाखवली. तिसरं चिमटीला होतं, पण तिची पाठ पंचांकडे होती. पाठीवर मी होते. मी पाहिलं. बाकावरून सामानवाल्या काकांनी पाहिलं. मॅनेजर साहेबांच्या वहीत मात्र दोनच कार्डं उतरली.

काकांनी रात्री काखेत टाके घातले आणि कॉलरला दुसरी गाठ मारली. त्यांचे हात चटका बसेल इतके तापले होते. तिसऱ्या सामन्याच्या सकाळी ते उठूच शकले नाहीत. वसतिगृहाच्या खोलीतून त्यांनी सामानाची ट्रंक साहेबांच्या हवाली केली. "साहेब, कॉलरी बघून घ्या हं."

"हो हो. तुम्ही पडून राहा," साहेब म्हणाले. त्यांच्या एका कानाला फोन होता आणि दुसऱ्या हातात चुकीच्या मापाचे मोजे.

आता जे सांगते ते मी आणि ती, दोघींशिवाय कुणालाच माहीत नाही.

कपडे बदलायच्या खोलीत चिमटीने मला डोक्यातून घातलं. मान हलवली. मग थांबली. तिचं बोट मागे गेलं, कॉलरच्या आत. पहिली गाठ. बोट पुढे सरकलं. दुसरी गाठ. बोट तिथेच राहिलं.

कर्णधार बुटाची नाडी बांधत होती. म्हणाली, "चिमटे, कॉलर काय चाचपत बसलीस? त्यात काय पैसे शिवलेत?"

सगळ्या हसल्या. जिंकलो तर पहिल्यांदा मुख्य स्पर्धेत जाणार होतो. मधल्या फळीत तिच्या जागी खेळेल अशी दुसरी कुणी नव्हती. आणि पुढच्या वर्षी ती सतराची होऊन जाणार होती.

"काही नाही गं," ती म्हणाली.

तिचं काळीज माझ्या आतल्या बाजूला असं धडधडत होतं की मला वाटलं, शिवण पुन्हा उसवेल. पण ते भीतीने, की सामन्याच्या आधी धडधडतं तसंच? काकांकडून चुकून जास्तीची गाठ पडली असेल, असं तिला वाटलं असेल का? मित्रांनो, मला ठोके कळतात. त्यांचा अर्थ मला लागत नाही.

एकाहत्तराव्या मिनिटाला कॉर्नर आला. चेंडू उंच उडाला आणि खाली आला तो सरळ माझ्यावर. तिने छातीवर घेतला, पायावर पाडला आणि मारला. गोल. एक-शून्य. त्या चेंडूच्या मातीचा गोल डाग अजून माझ्यावर आहे, कारण काका आजारी होते आणि त्या दिवशी मला कुणी धुतलंच नाही.

तीन दिवस आम्ही राजे होतो. बसमध्ये मुलींनी गाणी म्हणून घसे बसवले. चौथ्या दिवशी आयोजकांचं पत्र आलं. चौदा नंबरची खेळाडू खेळण्यास अपात्र होती. सामना शून्य-तीनने हरलेला धरण्यात येत आहे. आमची मुख्य स्पर्धा गेली. तो गोल पुसला गेला. आणि संघातल्या अकरा मुलींचं वय पुढच्या वर्षी निघून गेलं.

मॅनेजर साहेब सगळ्यांसमोर उभे राहिले. "मोजण्यात माझी चूक झाली. पोरींचा यात काही संबंध नाही," म्हणाले. चिमटी दुसऱ्या रांगेत बसली होती. तिने मान वर केली नाही. साहेबांना पुन्हा कुठल्याच संघाबरोबर नेलं नाही.

सामानवाले काका बरे होऊन आले. त्यांनी मला उलटं केलं, दोन्ही गाठींवरून बोट फिरवलं आणि कात्री परत डब्यात ठेवली. मग माझी घडी करून चिमटीच्या हातात दिली. "तुझ्याकडेच राहू दे, पोरी." एवढंच. जर्सी कुणाला द्यायची पद्धत नव्हती आमच्यात.

तेव्हापासून मी पेटीत आहे. चिमटीची नोकरी, लग्न, तीन घरं, दोन मुलं, सगळं मी झाकणाखालून ऐकलं. एकदा कर्णधार आली होती. पलंगावर बसून चहा प्यायल्या दोघी. कर्णधार म्हणाली, "साहेब भेटले होते गं. केस पार पांढरे झालेत. तुझी चौकशी करत होते. म्हणाले, चिमटीने काय सुरेख घेतला होता बॉल छातीवर. तेवढं आठवलं की बरं वाटतं म्हणाले." वर फक्त पलंगाची फळी एकदा कुरकुरली. मी खाली होते, वीतभर अंतरावर. मला तोंड असतं तर मी काय केलं असतं, कोण जाणे. बहुतेक मीही म्हटलं असतं, काही नाही गं.

मग या आठवड्यात गंमत झाली. आमचा सतरा वर्षांखालचा संघ पहिल्यांदा मुख्य स्पर्धेला पात्र ठरला. वर्तमानपत्रात संघाची सुरुवातीपासूनची कामगिरी छापून आली, वर्षवार, चौकटीत. चिमटीच्या लेकीने ती कापून शाळेच्या वहीत चिकटवली. तिसरीत आहे ती. तिच्या बाबांनी अभिमानाने बोट ठेवून दाखवलं, "हे बघ, या वर्षी आई खेळली."

"या ओळीवर चांदणी का आहे?" लेकीने विचारलं.

बाबांनी खालची बारीक अक्षरं वाचली. "'निकाल नंतर बदलला. अपात्र खेळाडू.' असेल काहीतरी. मॅनेजरचा घोळ झाला होता ना गं?"

स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात वाजली.

"आई, तुझी जर्सी शाळेत नेऊ? बाईंना दाखवायची आहे."

"हरवली ती," आई म्हणाली. "घर बदलताना."

हे काल संध्याकाळी. आणि आज दुपारी बाळाने दूध ओकलं. त्याला नीट निजवून चादर भिजवता भिजवता आई न्हाणीघरातून हळूच म्हणाली, "पेटीतून एक दुपटं काढ गं. वरचंच घे."

पण मुलं वरचं कधी घेतात का? तो खटकन झालेला आवाज लेकीच्याच हातचा. एकेक झबलं बाजूला झालं, अभ्रे बाजूला झाले, आणि छोटी, ओलसर बोटं माझ्यापर्यंत पोचली. बारा वर्षांनी.

तिने मला झटकलं. तेव्हा माझ्या पोटावर, घडीच्या रेघेवर, चर्रकन एक चीर गेली. मित्रांनो, माझं तुम्हाला एवढंच सांगणं आहे. आवडीचा कपडा जपून ठेवलात तर वर्षातून एकदा तरी बाहेर काढा. घडी मोडा, ऊन दाखवा, उलट-सुलट करा. डांबराच्या गोळ्यांनी कसर लागत नाही, हे खरं. पण एकाच रेघेवर दुमडून पडलेलं कापड त्या रेघेवरच विरतं, आणि ते वरून दिसत नाही.

आई हात पुसत दारात आली तेव्हा लेकीने मला घातलं होतं. मी तिच्या घोट्यांपर्यंत लोंबत होते. आईला पुन्हा एक चिमटी पोत्यात उभी दिसली असेल.

"सापडली," लेक कुजबुजली, बाळ उठू नये म्हणून. रागावली नव्हती. खूश होती. मग तिने मान वाकडी केली. "पण आई, इथे मागे काहीतरी टोचतंय."

आई खाली बसली. जमिनीवरच. तिने हात पुढे केला आणि कॉलर हळूच उलटी केली. तिचं बोट पहिल्या गाठीवर आलं, मग दुसऱ्या. मी ते बोट लगेच ओळखलं.

"आमचे एक काका होते," ती म्हणाली. "पिवळं कार्ड मिळालं की ते अशी गाठ मारायचे. म्हणजे घालणारीला कळावं."

लेकीने मागे हात नेऊन मोजलं. एक, दोन. तिला नियम माहीत आहे. टीव्हीवर सामना पाहताना आईनेच शिकवलाय.

"मग ती चांदणीवाली खेळाडू तूच?"

"हो."

"त्या दिवशी पण या गाठी होत्या?"

"होत्या."

लेकीने कपाळाला आठी घालून विचार केला. मान पुन्हा एकदा हलवून पाहिली, डावीकडे, उजवीकडे. मग आईच्या तोंडाकडे बघत तिने विचारलं,

"मग आई, घालताना तुला टोचलं नाही?"