पायाखालचं क्लोव्हर

"बाळ्या, शेतात माती सैल कशी लागतेय?" बांधावरून उतरताच ताईने विचारलं.

"काही नाही गं. हात धर माझा, पडशील."

तिने हात धरला नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्यावर पट्टी होती आणि दुसरा डोळा जन्मापासून नावापुरताच. दवाखान्यातून आल्या आल्या ती घरात न शिरता शेताकडे वळली होती. आधी चहा घे, ऊन आहे, डॉक्टर ओरडतील, अशी एकेक सबब काढत तिचा पन्नाशीतला धाकटा भाऊ, बाळ्या, मागून येत होता.

क्लोव्हर हे ताईचं वेड. ही तीन पानांची शेंगवर्गीय वेल एकदा लावली की वर्षानुवर्षं जमिनीवर पसरून राहते. पेरणीआधी ती खरडून कापायची, मक्यापुरत्या अरुंद पट्ट्या मोकळ्या करायच्या आणि बाकी माती कधी उघडी पडू द्यायची नाही. पहिल्या वर्षी क्लोव्हरनेच पाणी पिऊन मका खुरटवला. बहीणभावांनी गवत पिकवलं म्हणून लोक पोट धरून हसले. दुसऱ्या वर्षी मका सावरला. यंदा जमीन स्वतःच मक्याला पोसणार होती. "तीन वर्षं शेत तुझं, ताई. कुणी काही म्हणो," असा बाळ्याने शब्द दिला होता.

ताईने चप्पल काढली. पाऊल भुसभुशीत मातीत रुतलं. खाली बसून तिने चाचपलं, तेव्हा उलटं पडलेलं एक मूळ हाती आलं. त्यावरच्या, मातीला नत्र पुरवणाऱ्या बारीक गाठी वाळल्या होत्या.

"नांगरलंस?"

बाळ्या पायाने ढेकळं सारखी करू लागला.

"कधी?"

"तू अ‍ॅडमिट झालीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी."

म्हणजे रोज संध्याकाळी खाटेशी बसून तो सांगत होता ते सगळं खोटं. पांढरी फुलं आलीत, मधमाश्या नुसत्या घोंगावतायत. ती मिटल्या डोळ्यांनी ते शेत बघत पडून राहायची.

"आणि ससा?"

"अं?"

"काल म्हणालास ना, ससा चरून गेला."

"तुला बरं वाटावं म्हणून गं. लोक तोंडावर विचारतात, बहिणीला घाबरतोस का? शेजारी ट्रॅक्टर आलाच होता..."

"मला सांगायचंस. भांडले असते. हरलेही असते."

लोकांचा तिला राग नव्हता. ते समोर उभं राहून हसले होते. याने मात्र केसाने गळा कापला होता, आणि तोही उशाशी बसून.

घरी आल्यावर बाळ्या औषधाची बाटली घेऊन आला. "मान वर कर, ताई. थेंब टाकतो."

"दे इकडे."

तिने स्वतःच पट्टी वर केली आणि मान मागे टाकली. पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावरून ओघळला.

"जरा उजवीकडे घे," बाळ्या हळूच म्हणाला.

ताईने बाटली डावीकडे नेली.