दार लावलं का?

भावजय फार गोड बोलायला लागली की माझ्या मनात पाल चुकचुकते. "ताई, आईंना इथं काही म्हणता काही कमी नाही हो," असं ती फोनवर पुन्हा म्हणाली आणि मी बॅग भरायला घेतली. उभा जन्म मी कापडाच्या गिरणीत ताके उजेडासमोर धरून दोष शोधले. "बघायची गरजच नाही" म्हणणाऱ्याचा ताका मी सगळ्यांत आधी उघडायचे.

भावाच्या घरी पोचले, आईला पाहिलं. गालफडं बसलेली, बोटातली अंगठी दोरा गुंडाळून कशीबशी टिकवलेली. घर मात्र असं की फ्रिजसुद्धा कपाटाएवढा. डॉक्टरांनी तपासलं होतं, शरीरात आजार काही नाही म्हणे. मग उरलं काय? ही बाई माझ्या आईला उपाशी ठेवते. पुरावा हाती लागला की आईला घेऊन निघायचं, मी ठरवूनच टाकलं.

स्वयंपाकघरात कोणी नाही बघून मी डबे उघडले. सगळे काठोकाठ भरलेले. त्यानं तर माझा संशय वाढलाच.

"काही हवंय का, ताई?" भावजय मागे उभी.

"पाणी," मी म्हटलं. हात तांदळाच्या डब्यात होता.

जेवायला चौघं बसलो. भावानं नेहमीची टकळी सुरू केली. "आम्ही काडेपेटीतली काडी उभी चिरून दोनदा वापरायचो. साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवायचो." गरिबीचे किस्से आमच्या घरात सगळ्यांत रंगवून हाच सांगतो, आणि ते दिवस सरले तेव्हा स्वारी पाळण्यात होती. चिरलेल्या काडीनं माझी बोटं भाजलीत, त्याची नाही.

आईनं दोन घास खाल्ले, पातेल्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, "दार लावलं का गं?"

माझा चमचा हवेतच राहिला.

त्या गरिबीच्या दिवसांत ऐन जेवणाच्या वेळी कोणी आलं की आई त्यालाही पानावर बसवायची. मग मला विचारायची, "दार लावलं का गं?" पाहुण्याला वाटायचं, वारा येतोय. अर्थ असा, की पातेल्यात खडखडाट आहे, आता मागू नकोस. मी "लावलं" म्हणायचे आणि आम्ही दोघी पोट भरल्याचं सांगून उठायचो. पुरेसं असलं, तर आईच म्हणायची, "उघडंच राहू दे."

म्हणजे आई मला खूण करत होती. सापडली चोरी! मी भावजयीकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर जागीच गार पडली असती. तोंड उघडणार, तेवढ्यात तीच उठली, खोलीचं दार लावून आली आणि आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "लावलं हं, आई."

आईनं ताट बाजूला सारलं. "माझं पोट भरलं."

"रोज विचारते," भाऊ म्हणाला. "हल्ली वारा सोसत नाही तिला."

"मी एकदाही विसरत नाही," भावजय म्हणाली.

 मी उठले, दार सताड उघडलं. "आई, दार उघडं आहे."

आईनं माझ्याकडे बारीक डोळ्यांनी पाहिलं. ही नजर माझीच, ताक्यावर रोखायचे ती. "खरं सांग. कोण आलंय?"

"कोणी नाही. घरचेच."

"तू जेवलीस?"

"दोनदा वाढून घेतलं."

तिचा विश्वास बसेना. पातेलं जवळ ओढून, वाकून तिनं आत बघितलं. मग ताट पुढं घेतलं आणि भराभर खाऊ लागली. मध्येच थांबून म्हणाली, "आणि बाळ? दूध प्यायलं?"

भावाचे सगळे किस्से आटले. "प्यायलो, आई," तो म्हणाला.

मी भावजयीला हळू आवाजात सगळं सांगितलं. ती दाराशी गेली, त्याची मूठ धरून उभी राहिली. "ताई, मी रोज माझ्या हातानं लावत होते."

घरून निघताना तिला सुनावायला काय काय जुळवून आणलं होतं. त्यातलं एकही कामाचं उरलं नाही.

"ये, जेवायला बस," मी म्हटलं. "उघडंच राहू दे."