नवसागराचं पाणी

फुलाच्या तोंडातून शब्द गळायला लागले, ते तिच्या आईला, देवकीला, आधी कळलंच नाही. दोन वर्षांपूर्वी, पोर पाच वर्षांची असताना तिला ताप आला आणि जाताना दोन्ही कान घेऊन गेला. बोलणं मात्र मागं राहिलं. कान गेले तर गेले, पोर बोलते तर आहे, एवढ्यावर घरानं समाधान मानलं. मग एकेक अक्षर झिजायला लागलं. भाकरीची ‘भाई’ झाली, वासराचं ‘वाऊ’. यंदाच्या पावसाळ्यात तिनं आजीला हाक मारणंच सोडलं. नुसता पदर ओढायची. स्वतःचं बोलणं कानावर पडेना, तर ते टिकणार कसं, असं यशवंत म्हणाला. आणखी वर्षभरात पोर मुकी होणार, हे त्यानं तोंडानं म्हटलं नाही.

यशवंत, देवकीचा नवरा, कॅसलरॉकच्या स्टेशनात तारेच्या कामावर खलाशी होता. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची, खाली उतरून अंगावरच्या जळवा काढायच्या. शाळा दुसरीपर्यंत. पण तारमास्तरांच्या खोलीत काय चालतं, ते त्यानं दारात उभं राहून बघून बघून शिकून घेतलं होतं. भंगारातला एक टेलिफोन मास्तरांनी त्याला देऊन टाकला. कानाला लावायचं भोंगं तडकलेलं, बोलायच्या डबीत बुरशी. तो काखेत मारून यशवंत घरी आला तो दुभती म्हैस आणल्याच्या तोऱ्यात.

बहिऱ्या कानात आवाज आपण होऊन शिरत नाही, पण मागून विजेनं ढकलला तर शिरेल, असं त्याचं म्हणणं. देवकीच्या सासूनं, रुक्मानं, देवाला कौल लावला. उजवीकडचं फूल पडलं. मग घरात कुणी काही बोलायचा प्रश्नच उरला नाही.

डबीत कोळशाचे बारीक कण लागतात. सगळं रान कोळशाच्या भट्ट्यांचं, इथं कोळशाला काय तोटा? त्यानं किंदळीच्या लाकडाचा चांगला कोळसा कुटून, फडक्यानं चाळून भरला. डबी ढिम्म. लाकडी कोळशातून वीज जात नाही, हे कळायला पंधरा दिवस गेले. मग जुन्या बॅटरीतली काळी कांडी देवकीच्या खलबत्त्यात कुटली. पुढं आठ दिवस घरानं काळपट चटणी खाल्ली. शेवटी विजेसाठी तिची लोणच्याची बरणी गेली. कल्हईवाल्याकडचा नवसागर पाण्यात विरघळवून त्यात एक जस्ताची कांडी आणि एक काळी, अशी ती बरणी चुलीमागच्या फळीवर बसली. “सगळा जीव ह्या पाण्यात हाय,” यशवंतनं तिला बजावलं होतं.

बरणीपासून तार भिंतीतून गोठ्यात. फुला ओठ बघून ओळखेल, म्हणून गोठ्यात उभं राहून तो डबीत बोलणार आणि पडवीत पोरीच्या कानाला भोंगं. यंत्र चालायचं, यात शंका नव्हती. पहिल्यांदा देवकीनंच ऐकलं होतं. “अगे, मी बोलतोय,” असा लाजरा आवाज अगदी कानात. लग्नाला बारा वर्षं झाली, पण इतक्या जवळून तो कधी बोलला नव्हता.

फुला मात्र तीन आठवडे नाही म्हणून मान हलवत राहिली. गोठ्यातून बाहेर येताना यशवंत आधी तिचं तोंड बघायचा आणि मग जेवण टाकून डबी उघडून बसायचा. गालाची हाडं वर आली त्याची. दिवाळीपर्यंत जमलं नाही तर बेळगावला कानाच्या डॉक्टरकडं न्यायचं, असं ठरलं.

मध्ये नव्याचा सण आला. भाताची नवी कणसं दाराला बांधायच्या आधी त्यांच्या घरात जुनं पाणी ठेवत नाहीत. हंडे, घागरी, लोटे, सगळं ओतायचं, घासायचं, झऱ्याच्या पाण्यानं भरायचं. देवकी पहाटेपासून घासतच होती. हाताला सवय, डोकं सैपाकात. बरणी पालथी घालून राखेनं घासून झाली, तेव्हा कुठं ती काय करून बसली ते तिच्या ध्यानात आलं. नवसागराची पुडी यशवंतनं कुठंतरी वाशात खोवलेली. तिनं बरणीत नुसतं पाणी भरलं, कांड्या घातल्या, तारा अडकवल्या. जेवणं झाली की सांगू, रागावला तर रागावला.

दुपारी शेजारचा मारुती जेवायला आला आणि पानावर बसायच्या आधीच म्हणाला, “काय इंजनेर, बोलतंय काय तुझं भोंगं?”

यशवंत तडक गोठ्यात गेला. रुक्मानं फुलाच्या कानाला भोंगं धरलं. देवकी भाताचं पातेलं खाली ठेवून त्याच्यामागं निघाली, तोवर आतून आवाज आला. “फुला! ए फुला!” भिंतीपलीकडून सगळ्यांनाच ऐकू येईल एवढा. मारुतीनं गोठ्याकडं मान वळवली, रुक्मानं वळवली. फुलानं दोघांच्या माना बघितल्या. मग आजीकडं बघून तिनं मान डोलवली.

“आअं,” ती म्हणाली. आलं.

यशवंत बाहेर आला आणि उंबऱ्यावरच बसला. रुक्मानं पोरीच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. “आता बेळगाव कशाला गे?” असं यशवंत डोळे पुसत देवकीला विचारत होता, आणि ती वाढत होती. मारुतीला तिनं दोनदा मीठ वाढलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पुडी शोधली, बरणीत नवसागर कालवला. कोण जाणे, खऱ्या विजेवर खरंच येत असेल. यशवंत कामावर जायच्या आधी गोठ्यात शिरला. देवकीनं भोंगं आधी आपल्या कानाला लावलं. त्याचा श्वास ऐकू येत होता, खाकरणं ऐकू येत होतं. बोलायला अजून सुरुवात नव्हती. तिनं भोंगं पोरीच्या कानाला लावलं.

फुलानं लगेच मान डोलवली. त्यानंतर गोठ्यातून हाक आली.

देवकीनं तिचं तोंड दोन्ही हातांत धरून ओठांनी विचारलं, खरं सांग, येतंय? फुलानं एकदा गोठ्याकडं बघितलं. मग तिनं नाही म्हणून मान हलवली आणि आपला हात आईच्या तोंडावर दाबून धरला.

“काय म्हणती गे?” यशवंतनं गोठ्यातूनच विचारलं.

हात बारका होता. देवकीनं तो बाजूला केला.

“बेळगावला एकदा दाखवून येऊ या, अवो.”

“अगे, ऐकाय येतंय न्हवं तिला?”

“येतंय,” ती म्हणाली. “तरी पण.”

“खुळी काय तू? आता कशाला?” तो हसला. भिंतीपलीकडं त्यानं पुन्हा डबी तोंडाशी धरली असावी. फुला आईच्या ओठांकडं बघत होती. तिथं आणखी काही हलेना, तेव्हा तिनं भोंगं आपणच उचलून कानाला लावलं आणि मान डोलवायला लागली.