सरोवरावरचा नझरदोद

या, जवळ सरकून बसा. ज्यांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नाही अशा दोघांची, पामीरच्या खोऱ्यातली गोष्ट सांगायची आहे.

"ताई, माणसं वर काढ."

वायरलेसवरचा आवाज ऐकून मवजुदाच्या हातातला चहा हातातच राहिला. नझरदोद वर हिमसरोवराच्या पहाऱ्यावर, बांधालगतच्या झोपडीत; ती खाली गावात. तीन उन्हाळे रोजचं बोलणं. सासूच्या गुडघ्यांपासून गायीपर्यंत सगळ्यांची विचारपूस झाल्याशिवाय तो पाण्याचं कधी सांगत नसे. आज एकदम हेच.

"नक्की, भाऊ?"

"दगडांच्या बांधातून गढूळ पाणी झिरपतंय. बांध फुटणार."

गेल्या साली त्याच्याच सांगण्यावरून गाव डोंगरावर चढलं होतं. काहीच झालं नाही. लोक मवजुदावर तुटून पडले, तेव्हा तो वायरलेसवरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला होता, "चूक माझी. ताईला बोलू नका." आणि ती म्हणाली होती, "पुन्हा शंका आली तर पुन्हा सांग. शिव्या मी खाईन."

गावचा रईस, म्हणजे गावप्रमुख, ओदिनाशो छपरावर जर्दाळू वाळवत होता. "कचेरीचा निरोप येऊ दे. तुझ्या भावाला उंचीवर भास होतात."

"होत असतील," मवजुदा म्हणाली. वायरलेस गळ्यात अडकवून, सासूला पाठुंगळी घेऊन ती चढाला लागली. ते पाहून बायका निघाल्या, मग पुरुष. सर्वांत मागून पुटपुटत रईस.

"कुठवर आलात?"

"पाणचक्कीच्या वर."

"अजून चढा."

खाली नदी काळी पडली होती. तिच्या पोटात धोंडे एकमेकांवर आपटत होते.

"तू निघालास ना?"

"झोपडीतूनच आवाज पोचतो, ताई. शेवटी कोण आहे?"

"रईस. आला तोही."

"मग झालं," तो म्हणाला. पुढे नुसती खरखर.

पाण्याने वरची झोपडी नेली, खालची घरं नेली, शेतं नेली. गावातलं माणूस मात्र एकही नेलं नाही.

तिसऱ्या दिवशी, तिथे मयतासाठी लावतात तसा, त्याच्यासाठी दिवा लावायचा ठरला. रुबाबाच्या तारा वाजू लागल्या, गाणारे देवाचं नाव आळवू लागले. ते गाणं कुठल्याही भाषेत असो, आतडं तसंच पिळवटतं. नझरदोदचं गाव पलीकडच्या खोऱ्यात, वाट वाहून गेलेली.

"मयताच्या घरचं कोण?" विधी चालवणाऱ्या खलिफांनी विचारलं.

मवजुदा पुढे येऊन बसली.

"दिसायला कसा होता गं?" रईसने हळूच विचारलं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली आणि तिने वात पुढे सारली.

आज घरी दिवा लावाल तेव्हा क्षणभर नझरदोदचीही आठवण काढा.