कुसाबाईचा जबाब

"अंगठा कुठं देऊ?" आत आल्या आल्या कुसाबाईने विचारले आणि शाईच्या पॅडकडे हात नेला.

"थांबा बाई. आधी बसा," चौकशीचे साहेब म्हणाले.

होळीच्या दिवशी वॉर्डातली चार ब्लँकेटे नाहीशी झाली होती. नाशकातल्या त्या दवाखान्यात आया म्हणून कुसाबाईला बारा वर्षे झाली, तरी काही हरवले की सगळ्यांच्या नजरा पेठ तालुक्याच्या डोंगरातून आलेल्या या आदिवासी बाईकडेच वळत. स्टोअरच्या कारकुनाने तिचा कबुलीजबाब लिहूनही ठेवला होता. नोकरी जाणार हे ती धरूनच चालली होती. फक्त ते लवकर उरकावे म्हणून तिचा जीव वरखाली होत होता.

साहेबांनी कागद मोठ्याने वाचला. "ब्लँकेटं तुम्ही नेलीत, असं लिहिलंय. खरं आहे?"

"नेली असतील."

"असतील म्हणजे? होळीला कुठे होतात?"

"गावाला. होळीला आमच्यातलं कोण नाशकात राहील?"

साहेबांनी हजेरीपट मागवला. तिच्या नावापुढे होळीचे तीन दिवस रजा होती. कोपऱ्यात उभा असलेला तो कारकून खिडकीबाहेर बघू लागला.

"मग चोरी कबूल का करता?"

कुसाबाईला प्रश्नच कळेना. "सायेब, अंगठा दिल्याबिगर सोडत नायत. जंगलखात्यावाल्यांनी माझ्या नवऱ्याला लाकूडचोरीत धरलं, तव्हा मीच सांगितलं, दे अंगठा, सुटशील." नवरा मंगळू सहा महिने तुरुंगात काढून आला तो खोकला घेऊनच, आणि वर्षाच्या आत गेला. "तो कागद कोणी वाचला नाय."

 साहेबांनी त्या जबाबावर आडवी रेघ मारली, तिच्या तोंडचे शब्द नव्या कागदावर स्वतः लिहिले आणि एकेक ओळ वाचून दाखवली. नोकरी वाचली होती. कुसाबाईला बरे वाटायला हवे होते, पण तिला संतापच आला. कागद वाचायला एवढाच वेळ लागतो? एवढ्याचसाठी मंगळू गेला?

"आता द्या अंगठा."

ठसा फिसकटला. आयुष्यात इतक्या कागदांवर तिने अंगठे उठवले होते, हात कधी हलला नव्हता. कारकून तिचे मनगट धरायला पुढे झाला.

"हात नको लावू," ती म्हणाली. "माझा मी देते."

उजव्या हाताने डावे मनगट घट्ट धरून तिने पुन्हा अंगठा उठवला.